शिळं पाणी

संपदा ढवळेच्या घरात कुणी शिळं पाणी प्यायलं असेल, तर ते तिच्या नजरेआड, चोरूनच. सकाळी नळ आला की पहिलं काम म्हणजे कालचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, कळशी आणि पिंप लख्ख घासायचं आणि ताजं भरून घ्यायचं. सासूने तिला हे शिकवलं, सासूला तिच्या सासूने. एकट्या संपदाचीच ही खोड होती असं नाही, अख्खं वेळूसर तसंच. मोठ्या शहराच्या कडेला वाढलेलं उपनगर, निम्मी माणसं आसपासच्या गावांतून येऊन राहिलेली. रिक्षा बिनचालकाच्या झाल्या, भाजी ड्रोनने गच्चीवर उतरायला लागली, पण गच्चीवरच्याच टाकीतलं पाणी प्यायचं म्हटलं की यांची नाकं मुरडलीच. म्हणून प्रत्येक स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, थेट नगरपरिषदेच्या लाइनीवर जोडलेला. सकाळी तासभर येणार, तेवढ्यात भरून घ्यायचं.

इमारतीत अपवाद एकच, समोरच्या ललिता कोळप्यांचं घर. तिथे दोन-दोन दिवस पिंपाला कुणाचा हात लागत नसे. पाण्याला काय कीड लागते का, असं ललिताबाई वर तोंड करून विचारायच्या. त्यांच्याकडे चहाची वेळ आलीच तर इमारतीतल्या बायकांना नेमका तेव्हा उपास आठवायचा.

आता गंमत बघा. ही संपदा वेळूसरच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होती. एका रात्रीत पाणी शिळं होत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण नोकरीतलं शिक्षण नोकरीत आणि घरातली सवय घरात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

वेळूसरची नदी कारखान्यांच्या पट्ट्यातून खाली येते. न चिकटणारे तवे, रेनकोट, आग विझवायचा फेस, यांत वापरली जाणारी चिवट रसायनं कित्येक वर्षं त्या नदीत मुरत आली होती. कार्बनची लांब साखळी आणि तिला घट्ट धरून बसलेला फ्लोरिन, असा त्यांचा बांधा. हा जोड उन्हाने तुटत नाही, जंतूंना खाता येत नाही, उकळीला दाद देत नाही. पाण्यातून रक्तात, रक्तातून यकृतात, आणि मग तिथेच मुक्काम. थायरॉइडची गोळी न घेणारं घर वेळूसरमध्ये शोधावं लागे. म्हणून दोन वर्षांपूर्वी ‘छेदक’ आला तेव्हा लोकांनी पेढे वाटले.

छेदक हे प्रयोगशाळेत घडवलेलं एन्झाइम. माळेतला एकेक मणी काढावा तसं ते त्या साखळीचा एकेक दुवा कापत जातं. केंद्रात पाण्यात मिसळलं की दुसऱ्या दिवसापर्यंत चिवट रसायनाचा मागमूस राहत नाही. मोठ्या शहरांत त्याच्या चाचण्या झाल्या. तिथे पाणी आधी सोसायटीच्या तळटाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत, असं दिवस-दीड दिवस पडून राहतं आणि मगच पेल्यात येतं. चाचण्या अगदी उत्तम झाल्या. वेळूसरमध्ये संपदाच्या देखरेखीखाली छेदक सुरू झाला. रोज सकाळी ती नमुना घ्यायची, तो गाडीने विभागीय प्रयोगशाळेत जायचा, दुसऱ्या दिवशी तपासला जायचा आणि उत्तर यायचं की पाणी स्वच्छ आहे. तिला या कामाचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

त्याच दोन वर्षांत वेळूसर शहाणं झालं. पार्किंगवरून होणाऱ्या मारामाऱ्या थांबल्या. सोसायटीच्या सभा चहा निवायच्या आत उरकू लागल्या. नगरपरिषदेत तक्रारी घेणाऱ्या माणसाला काम उरेना, म्हणून त्याला बागखात्यात पाठवलं. एक ललिताबाईच तेवढ्या अजून कचऱ्यावरून आणि दिव्यांवरून भांडायच्या, आणि लोक त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघायचे. बाकीच्यांचं म्हणणं, माणसं सुधारली.

संपदाचा नवरा हेमंत तीन वर्षांपूर्वी बसल्या जागी गेला होता. पहिलं वर्ष तिने कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. मग एकदा कपाट आवरताना तिच्या लक्षात आलं की त्याचे शर्ट उचलताना हात अडत नाही, रडू येत नाही. वेळ जाईल तसं होतंच असं, ती मनाशी म्हणाली, आणि सगळे शर्ट देऊन टाकले.

तिची मुलगी शर्वरी पहिलटकरीण, सातव्या महिन्यात माहेरी आली. आली तेव्हा धसकलेली होती. बाळाचं कसं होईल, मला जमेल का, दिवसभर तेच. संपदाने तिची काळजी घेण्यात काही कसर ठेवली नाही. डॉक्टरांनी पाणी उकळून प्या म्हटलं, तर ही नळाखालून पातेलं सरळ गॅसवर ठेवायची. ताजं, आणि वर लगेच उकळलेलं. तेच गाळून, झाकून, स्टीलच्या पिंपात. आठ-दहा दिवसांत शर्वरी निवळली. माहेरची हवा मानवली म्हणायचे सगळे. जावई व्हिडिओवर म्हणाले, आई, तुमच्या हाताला गुण आहे.

नात झाली. अन्वी नाव ठेवलं. शर्वरीला दूध कमी, म्हणून बाळाला वरचं दूध सुरू झालं, ते पावडरीचं आणि त्या उकळलेल्या पाण्यात कालवलेलं. गुटी उगाळायची तीही त्याच पाण्यात. आणि काय गुणाचं बाळ म्हणून सांगावं. रडायचंच नाही. भूक लागली की डोळे उघडून छताकडे बघत पडायचं, दूध मिळालं की प्यायचं, नाही मिळालं तर बघत पडायचं. समोर ललिताबाईंचा नातू त्याच वयाचा, तो दिवसभर इमारत डोक्यावर घ्यायचा. भेटायला येणाऱ्या बायका अन्वीची दृष्ट काढायला सांगून जायच्या. संपदा मीठमोहऱ्या ओवाळायची.

सवा महिना व्हायला आला होता त्या दिवसांतली गोष्ट. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला द्रौपदाबाई यायच्या. वेळूसरमधल्या निम्म्या पोरांना त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. त्या सकाळी गप्पांच्या नादात कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचं राहून गेलं. असं कधी झालंच तर पाण्यात हात घालताक्षणी बाईला चटका बसतो, आणि हाताला नाही कळलं तरी बाळ टाहो फोडतं. द्रौपदाबाईंनी हात घातला, हाताला काही कळलं नाही. त्यांनी बाळाच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला, मग दुसरा. अन्वी गप्प होती. संपदा टॉवेल घेऊन दारात उभी होती, तिला पाठ लालभडक झालेली दिसली, आणि द्रौपदाबाई तिसरा तांब्या भरत होत्या.

संपदाने त्यांचा हात धरला. पाणी फार गरम आहे बाई, असं ती म्हणाली. हो का, म्हणत द्रौपदाबाईंनी आपला लाल झालेला हात उलटसुलट करून पाहिला.

कुणी किंचाळलं नाही. आता तुम्ही म्हणाल, आजी ना ती, किंचाळायला नको? हवंच होतं. संपदालाही ते ठाऊक होतं. तिने पाठीवर गार पाण्याची धार धरली, बाळाला स्वच्छ पंच्यात गुंडाळलं, शर्वरीला सांगितलं, रिक्षा बोलावली. सगळं व्यवस्थित केलं. शर्वरी रिक्षात शेजारी बसून बाहेर बघत होती.

दवाखान्यातले डॉक्टर उपळेकर शहरात राहायचे, रोज वेळूसरला येऊन-जाऊन करायचे, जेवणाचा डबा आणि पाणी घरचंच. त्यांनी पाठीवर मलम लावलं, मग बाळाच्या टाचेला चिमटा घेतला. पुन्हा घेतला, जोरात. मग त्यांनी आई आणि आजी या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. तो बघून संपदाला कळलं की ही घाबरण्याची गोष्ट आहे. तिने स्वतःत डोकावून पाहिलं, तिथे काही नव्हतं.

दुपारी ललिताबाई नातवाला खांद्याशी धरून बघायला आल्या. पट्ट्यांत गुंडाळलेलं बाळ पाहून त्यांना रडू फुटलं. पदराने तोंड दाबून त्या हमसून हमसून रडल्या, द्रौपदाबाईंना नाही नाही ते बोलल्या, आणि आजी रडते म्हणून त्यांचा नातूही रडायला लागला. संपदा समोर खुर्चीत बसून हे बघत होती. नात माझी, आणि रडते ही, एवढंच तिच्या मनात आलं. मन बधिर झालं असलं तरी डोकं शाबूत होतं. इमारत एक, लाइन एक, नळ एक. या घराचं पाणी ताजं, त्या घराचं शिळं. दोन घरांत फरक असेल तर तेवढाच.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रात नमुना नेहमीसारखा गाडीत ठेवला नाही. नळाचं पाणी तिथल्या तिथे यंत्रात घातलं. मग कालचं ठेवलेलं घातलं. मग घरच्या पिंपातलं, उकळून दोन दिवस झालेलं.

तेव्हा सगळं समोर आलं, आणि फार साधं होतं. साखळी कापता कापता मध्ये एक छोटा तुकडा उरतो. छेदक शेवटी त्याचाही फडशा पाडतो, पण त्याला रात्रभर वेळ लागतो. तोवर तो तुकडा पाण्यात असतो, आणि पोटात गेला तर दाताच्या डॉक्टरच्या इंजेक्शनने हिरडी बधिर होते तसं काम करतो, फक्त सावकाश आणि सगळीकडे. नसांमधून निरोप जायला ज्या बारीक खिडक्या लागतात त्या बंद करतो. आधी दुखणं-पोळणं कमी होतं. मग मेंदूत धडकी भरणं, भडकणं, गलबलणं, तेही कमी होतं. विचार चालू राहतो, हातपाय चालू राहतात. मोठ्या शहरांत पाणी टाकीत पडून राहायचं, म्हणून तिथे तुकडा उरायचा नाही. तपासणीला जाणारा नमुनाही रात्रभर पडून राहायचा, म्हणून तिथेही दिसायचा नाही. तो सापडायचा फक्त ताज्या पाण्यात, आणि ताजं पाणी पिणं हा वेळूसरचा बाणा.

आणि उकळण्याचं काय, तर छेदक म्हणजे शेवटी प्रथिन. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं ते पुन्हा पातळ होत नाही, तसा उकळीने छेदक मरतो. तुकडा मात्र उकळीला भीक घालत नाही. म्हणजे ताजं पाणी लगेच उकळलं की तुकडा आहे तसा राहतो, महिना ठेवा नाहीतर वर्ष ठेवा. वेळूसरमध्ये सगळ्यांत जास्त तुकडे ज्या घरात होते, ते सगळ्यांत जास्त काळजी घेणारं घर होतं. त्या घरातल्या सगळ्यांत लहान जिवाने ते पाणी सगळ्यांत जास्त प्यायलं होतं.

संपदाने यंत्र बंद केलं आणि डबा खाल्ला.

उपळेकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मोठ्या माणसाच्या नसा पाणी बदललं की तीन-चार दिवसांत मोकळ्या होतील, असं ते म्हणाले. बाळाचं मात्र तसं नव्हतं. बाळाच्या नसा या महिन्यांतच घडत असतात, वापरल्या तर पक्क्या होतात, न वापरता राहिल्या तर कायमच्या मुक्या राहू शकतात. मग त्या मुलीला भाजलेलं कळणार नाही, पडलेलं कळणार नाही, आणि आई दिसल्यावर काय होतं तेही कदाचित कळणार नाही. होईल बरी, कदाचित नाही होणार. पाणी आजच्या आज बदला आणि वाट बघा, यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं.

घरी येऊन तिने शर्वरीला सगळं सांगितलं, काही न लपवता. शर्वरी ऐकत होती, बाळाच्या लंगोटांच्या घड्या करत होती.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढचा लंगोट उचलला.

त्या दिवसापासून शर्वरी आणि अन्वी या मायलेकींच्या पाण्याचं पिंप वेगळं झालं. ललिताबाईंकडून दोन दिवसांचं पाणी मागून आणलं, दोघींचं सगळं त्यावर. संपदा मात्र जुन्याच पिंपातलं पीत राहिली. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी दहिवाळ यांच्याकडे संपदा दुसऱ्या सकाळीच गेली. शांत माणूस. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, तिचं म्हणणं पुरतं ऐकलं. मग म्हणाले, मॅडम, वर्षभरात पाण्याबद्दल एक तक्रार नाही. असं गाव मला दुसरं दाखवा. विषय गंभीर आहे खरा, आपण पुढच्या सभेत घेऊ. संपदा ठीक आहे म्हणाली आणि पेला रिकामा करून उठली.

हे लिहिताना सुद्धा तिडीक येते. अगं बाई, टेबलावर मूठ आपट, दार अडव, काहीतरी कर. पण मूठ आपटायला जे लागतं तेच तिच्यात उरलं नव्हतं. तिला एवढंच समजत होतं की काहीतरी करायचं असतं अशा वेळी. दिवस गेला, दुसराही गेला. सकाळी नळ येत होता, घरोघरी पातेली भरत होती, गावात आणखी किती बाळंतिणी आहेत हे केंद्रातली रसायनतज्ज्ञ जाणत होती, आणि ती सभेची वाट बघत होती.

चौथ्या दिवशी सकाळी बाळाची पट्टी बदलताना शर्वरी मध्येच थांबली. पाठीवरची सोललेली कातडी तिने रोज पाहिली होती, पण त्या दिवशी ती तिला दिसली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या इमारतीत दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता. बाळाला छातीशी धरून ती जमिनीवर बसली आणि ओरडत राहिली. मग ती उठली, गॅसजवळचं उकळलेल्या पाण्याचं पातेलं उचलून तिने भिंतीवर मारलं. तू केमिस्ट ना, तुझं काम ना ते, रोज तू सही करायचीस ना, हे सगळं ती आईला बोलली, आणि त्याहून वाईटही बोलली. मी तुला कधी माफ करणार नाही, असं ती म्हणाली आणि तिला ते मनापासून म्हणायचं होतं. संपदाने फडकं घेऊन भिंतीवरचं पाणी पुसलं.

“आई, पुसत काय बसलीस? बाकीची बाळं आजही तेच पितायत. जा. आत्ता जा.”

संपदा गेली. स्वतःची भीती नव्हती, लेकीची घेऊन गेली, असं म्हणा हवं तर. नियमाने रसायनतज्ज्ञाला अयोग्य पाणी रोखता येतं, त्यासाठी सभा लागत नाही, हे तिला नोकरीला लागल्यापासून माहीत होतं. केंद्रात दोन मोठ्या टाक्या होत्या. एक भरून रात्रभर पडू द्यायची, दुसरी सोडायची, असं ठरवलं तर पाण्यात तुकडा राहत नव्हता. फक्त मग पाणी रोज पुरणार नव्हतं, दिवसाआड येणार होतं. तिने हुकूम काढला, गावभर गाडी फिरवून सांगितलं की ताजं पाणी पिऊ नका, आणि त्या दिवसापुरता नळ बंद केला. दहिवाळांनी विरोध केला नाही. विरोध करायलाही काहीतरी वाटावं लागतं.

त्या सकाळी नळ बंद करायच्या आधी मात्र तिने एक गोष्ट केली. दोन पिंपं ताजं पाणी घरी आणलं आणि उकळून ठेवलं, स्वतःसाठी. कुणाला सांगितलं नाही. आधी बाळाचं होऊ दे, गावाचं होऊ दे, मग माझं बघू, असं तिने मनाला समजावलं. शर्वरीचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या वाट्याला काय येणार याचा हिशेब तिला करता येत होता.

गाव आठवड्याभरात जागं झालं. पार्किंगमध्ये पहिली बाचाबाची झाली. एका सोसायटीची सभा चार तास चालली. मग दिवसाआड पाणी म्हणजे काय थट्टा लावलीय का, म्हणत बायकांनी हंडा मोर्चा काढला. शे-दीडशे बायका रिकामे हंडे बडवत नगरपरिषदेवर आल्या, संपदा ढवळे मुर्दाबाद म्हणाल्या, आणि एकीने तर हंडा फेकून मारला, तो चुकून दहिवाळांच्या खिडकीला लागला. दहिवाळ संतापले. पहिल्यांदाच संतापले. मग तेच एकदम खुर्चीत बसले आणि त्यांनी संपदाला विचारलं की आपल्याकडे किती मुलं आहेत, मॅडम, वर्षाच्या आतली. संपदा खिडकीतून खाली मोर्चाकडे बघत होती. यंत्रापेक्षा ही तपासणी चांगली, तुकडा गेला, असं तिच्या मनात आलं. पुढे चौकशी बसली, तिला घरी बसवलं. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

गावातली बरीच बाळं हळूहळू रडायला लागली. ज्या घरांत उकळण्याचा आळस होता तिथली आधी, व्यवस्थित घरांतली उशिरा. द्रौपदाबाईंना चटके कळायला लागले तशी त्यांनी न्हाऊ घालणं सोडलं, आणि त्या रोज येऊन ढवळ्यांच्या दाराबाहेर बसायच्या, आत यायच्या नाहीत. अन्वी मात्र तशीच. दर आठवड्याला उपळेकर टाच चिमटायचे, अन्वी छताकडे बघायची. शर्वरी दिवसभर तिला कुरवाळायची, तिच्याशी बोलायची, तिच्या तळव्यांना खरखरीत कापड घासायची, मग बाथरूमचा नळ सोडून आत रडायची. आईशी कामापुरतं बोलायची. संपदा स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, आपल्या पिंपातलं पाणी प्यायची.

भाजल्यामुळे अन्वीची लस लांबली होती. अडीच महिन्यांची झाल्यावर दोघी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या बाकांवर आया बसलेल्या, आतून एकेका पोराचं रडणं येत होतं. शर्वरी प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती. त्यांचा नंबर आला. नर्स नवीन होती, तिला काही माहीत नव्हतं. तिने मांडी पुसली, सुई टोचली, काढली. अन्वी छताकडे बघत होती.

मग तिची हनुवटी हलली. ओठ वाकडे झाले, तोंड उघडलं, पण आवाज निघेना, चेहरा लाल होत गेला. नर्स सुद्धा थांबली. आणि मग अन्वी रडली. बेंबीच्या देठापासून, हातपाय झाडत, सगळ्या अंगाने रडली. शर्वरी तिथेच टेबलाच्या पायाला धरून खाली बसली आणि हसतेय की रडतेय ते कळेना. नर्स बिचारी गोंधळली. अहो ताई, लस आहे ती, रडणारच की बाळ, असं म्हणत तिने बाळ आजीच्या हातात दिलं.

संपदाने बाळ घेतलं. हेच ऐकायला आपण थांबलो होतो, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यात याहून मोठा आनंद होणार नाही, हेही ठाऊक होतं. तिने वाट पाहिली. काही झालं नाही. कापूस दाबून धरायला हवा, म्हणून तिने तो दाबून धरला.

बाहेर बाकावर बसल्यावर शर्वरीने डोळे पुसले आणि आईकडे पाहिलं. आईचे डोळे कोरडे होते.

“आई, तू अजून ते पाणी पितेस?”

संपदा खोटं बोलली नाही. खोटं बोलायला भीती लागते.

“हो. थोडं उरलंय.”

“का?”

“सोडलं की सगळं कळेल, शरू. तुझे बाबा गेलेले कळतील. हिची पाठ कळेल. बाकीची बाळं. तू जे बोललीस ते.”

अन्वी शर्वरीच्या मांडीवर रडत होती, पण बाळाला थोपटायचं तिच्या लक्षातही नव्हतं. राग गेलेला नव्हता, तो चेहऱ्यावर दिसत होता. बोलली तेव्हा मात्र आवाज लहानपणीचा होता.

“घरात मला एकटीलाच कळतंय, आई. इतके दिवस. मला एकटीला नाही झेपत.”

संपदाने शर्वरीच्या पिशवीतली बाटली काढली. त्यात कालचं पाणी होतं, कोमट झालेलं. तिने झाकण उघडलं आणि प्यायला सुरुवात केली. तीन-चार दिवस लागतील, त्यानंतर काय येईल ते तिला नीट माहीत होतं. पेलाभर पिऊन ती थांबली, शर्वरीकडे पाहिलं, आणि उरलेलंही प्यायली. अन्वी अजून रडत होती.